मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर आणि उड्डाणाचा वेळ स्वतः कसा काढावा

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर शोधायला बसलेल्या माणसाच्या हाती थोड्या वेळात चार आकडे लागतात: १२,५३०, ७,७९०, ६,७६० आणि क्वचित १४,२००. यांपैकी पहिले तीन आकडे एकच अंतर सांगतात. फक्त पहिला किलोमीटरमध्ये, दुसरा मैलांत आणि तिसरा सागरी मैलांत आहे. चौथा आकडा मात्र सपाट नकाशावर पट्टी ठेवून ओढलेल्या रेषेचा असून त्या रेषेने कोणतेही विमान जात नाही. वेळेच्या बाबतीत गोंधळ याहून मोठा आहे. तिकिटावर मुंबईहून रात्री दीड वाजता निघण्याची आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी आठ वाजता पोहोचण्याची वेळ छापलेली असते, आणि पहिल्यांदाच मुलांकडे निघालेल्या आईवडिलांना क्षणभर का होईना, प्रवास साडेसहा तासांचा वाटतो. प्रत्यक्षात तो सोळा तासांचा असतो.

हे सगळे आकडे घरच्या घरी पडताळून पाहता येतात. त्यासाठी एक पृथ्वीगोल, एक दोरा आणि साइन-कोसाइनची बटणे असलेला गणकयंत्राचा पडदा एवढेच साहित्य पुरते. पुढे मुंबई-न्यूयॉर्क हीच जोडी घेऊन सगळी रीत मांडली आहे. शहरे बदलली तरी ती तशीच वापरता येते.

कोणत्या दोन बिंदूंमधले अंतर?

शहर म्हणजे बिंदू नव्हे. अंतर मोजायचे ते विमानतळापासून विमानतळापर्यंत, आणि मोठ्या शहरांना आता एकाहून अधिक विमानतळ असतात. मुंबईत सांताक्रूझ-अंधेरीचा जुना आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, ज्याचे सांकेतिक नाव बीओएम. त्याच्या जोडीला नवी मुंबईचा नवा विमानतळही सुरू झाला आहे. न्यूयॉर्कच्या बाजूला जेएफके हा शहराच्या क्वीन्स भागात आहे, तर नेवार्क हा हडसन नदीपलीकडे, न्यू जर्सी राज्यात. दोहोंमधले सरळ अंतर जेमतेम ३३ किलोमीटर असल्याने साडेबारा हजार किलोमीटरच्या हिशेबात त्याने काहीच फरक पडत नाही. मात्र जमिनीवर उतरल्यावर तो चांगलाच पडतो, कारण न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या, मराठी वस्ती मोठी असलेल्या गावी जायचे असेल तर नेवार्क सोयीचा, आणि जेएफकेहून तिथे यायला न्यूयॉर्कची रहदारी ओलांडावी लागते. म्हणून तिकिटावर शहराच्या नावापेक्षा विमानतळाचे नाव आधी वाचावे.

अंतर कोणत्या मापात दिले आहे हेही तेव्हाच पाहून घ्यावे. अमेरिकी माहितीत नुसता ‘मैल’ असतो, तो १.६०९ किलोमीटरचा. वैमानिक आणि खलाशी वापरतात तो सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. सागरी मैलाचे माप पृथ्वीवरूनच घेतलेले आहे: एका अंशाचे साठ भाग केले की त्या प्रत्येक भागाला, म्हणजे कलेला, साधारण एक सागरी मैल येतो. ही गोष्ट पुढे गणितात उपयोगी पडते.

दोरा आणि पृथ्वीगोल

गणिताआधी दोऱ्याने मोजून पाहावे, असा माझा आग्रह आहे. गणित आकडा देते. विमान कुठून कसे जाते हे मात्र दोऱ्यानेच डोळ्यांना दिसते. शाळेत असतो तसा बारा इंच व्यासाचा गोल घ्यावा, मुंबईवर दोऱ्याचे एक टोक अंगठ्याने दाबून धरावे, दुसरे टोक न्यूयॉर्कवर न्यावे आणि दोरा ताणावा. ताणताना तो आपोआप उत्तरेकडे सरकतो; त्याला अडवू नये. पूर्ण ताणला गेल्यावर तो जिथे स्थिरावतो तोच दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला बृहद्वृत्त म्हणतात, म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते असे वर्तुळ, त्याचाच तो एक कंस असतो.

हा दोरा कुठून जातो ते पाहिल्यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. मुंबईहून न्यूयॉर्क पश्चिमेला, तेव्हा विमानाने अरबी समुद्रावरून सरळ मावळतीकडे निघावे असे आपल्याला वाटते. पण दोरा निघतो तो जवळजवळ उत्तरेकडे, उत्तरेपासून फक्त २७ अंश पश्चिमेला कललेला. तो बलुचिस्तानवरून, अफगाणिस्तानच्या पश्चिम भागावरून आणि तुर्कमेनिस्तानवरून वर चढतो, कझाकस्तानचा पश्चिम कोपरा ओलांडतो, मॉस्कोच्या अगदी जवळून जातो, मग हेलसिंकी, नॉर्वेचे ट्रॉनहाइम आणि आइसलँडची राजधानी रेक्याविक यांच्या आसपासून पुढे सरकत ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला स्पर्श करतो आणि कॅनडाच्या लाब्राडोरवरून खाली न्यूयॉर्कला उतरतो. या मार्गाचा सर्वांत उत्तरेकडचा बिंदू सुमारे ६४.७ उत्तर अक्षांशावर, फेरो बेटे आणि आइसलँड यांच्या मधल्या समुद्रात येतो. मुंबईसारख्या उष्ण कटिबंधातल्या शहरातून निघून दक्षिण युरोपच्या अक्षांशावरच्या शहराला जाण्यासाठी आर्क्टिक वृत्ताच्या दोन अंशांपर्यंत जाऊन यावे लागते, आणि तरीही तोच रस्ता जवळचा असतो.

याउलट मोबाईलवरच्या सपाट नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क यांना सरळ रेषेने जोडले तर ती रेषा सौदी अरेबिया, इजिप्तचे लक्सॉर आणि मोरोक्कोचे माराकेश यांच्यावरून अटलांटिक ओलांडते. दिसायला ती सरळ असली तरी तिची लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते, म्हणजे खऱ्या जवळच्या मार्गापेक्षा जवळपास १,७०० किलोमीटर जास्त. गोल सपाट करताना नकाशा ध्रुवांकडचा प्रदेश ताणून रुंद करतो, त्यामुळे तिथून जाणारा आखूड रस्ता नकाशावर लांबलचक कमानीसारखा दिसतो. विमानातल्या पडद्यावर आपले विमान ‘वळसा घेऊन’ चालल्याचे दिसते त्याचे कारण एवढेच आहे.

आता दोऱ्यावर दोन्ही शहरांच्या जागी खूण करून तो फूटपट्टीवर ठेवावा. बारा इंची गोलाचा परीघ सुमारे ९५.८ सेंटीमीटर असतो आणि पृथ्वीचा परीघ सरासरी ४०,०३० किलोमीटर, म्हणून या गोलावरचा एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४१८ किलोमीटर. मुंबई-न्यूयॉर्क दोरा ३० सेंटीमीटर भरतो. ३० गुणिले ४१८ म्हणजे १२,५४०. एका दोऱ्यासाठी हे उत्तर फारच चांगले आहे. गोल वेगळ्या मापाचा असेल तर त्याच्या विषुववृत्ताभोवती शिलाईची टेप गुंडाळून परीघ घ्यावा आणि ४०,०३० ला त्याने भागावे.

गणिताने नेमका आकडा

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश लागतात. मुंबईचा विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. कुठे कुठे हे आकडे अंश आणि कला अशा रूपात असतात, आणि नेमकी तिथेच बहुतेकांची चूक होते. ४० अंश ३८ कला म्हणजे ४०.३८ नव्हे, ३८ ला ६० ने भागून ०.६३ येतात, म्हणून ते ४०.६३ अंश. या एका घसरणीने उत्तर वीस-पंचवीस किलोमीटरने चुकते.

पुढची पायरी रेखांशांमधल्या फरकाची. दोन्ही ठिकाणे पूर्वेला किंवा दोन्ही पश्चिमेला असतील तर वजाबाकी करावी. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असेल तर बेरीज. इथे ७२.८७ अधिक ७३.७८ म्हणजे १४६.६५ अंश. बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करावी. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को या जोडीत तसेच होते: ७२.८७ अधिक १२२.३८ म्हणजे १९५.२५, म्हणून फरक १६४.७५ अंशांचा धरावा.

सूत्र असे आहे:

मधल्या कोनाचा कोसाइन = (पहिल्या अक्षांशाचा साइन × दुसऱ्या अक्षांशाचा साइन) + (पहिल्या अक्षांशाचा कोसाइन × दुसऱ्या अक्षांशाचा कोसाइन × रेखांशांतील फरकाचा कोसाइन)

मोबाईलमधले गणकयंत्र बऱ्याच फोनांत आडवे धरले की ही बटणे दिसतात. सुरुवातीला ६० चा कोसाइन काढून पाहावा, उत्तर ०.५ आले तर यंत्र अंशांत चालले आहे, वेगळेच काही आले तर ते रेडियन या कोनाच्या दुसऱ्या मापात असून ते आधी बदलून घ्यावे. (ज्याला आज आपण इंग्रजीतून ‘साइन’ म्हणतो तो शब्द मुळात संस्कृतातील ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ अरबीतून आणि लॅटिनमधून फिरत आल्यावर झालेला आहे, म्हणजे हे सूत्र वापरताना परके वाटून घेण्याचे कारण नाही.)

आकडे घातले की पहिला गुणाकार ०.३२७१ × ०.६५१३ = ०.२१३० येतो. दुसऱ्यात ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०. बेरीज −०.३८६०. याचा उलट कोसाइन काढला की ११२.७ अंश मिळतात. ऋण चिन्ह पाहून घाबरू नये. त्याचा अर्थ दोन ठिकाणांमधला कोन काटकोनापेक्षा मोठा आहे, एवढाच. आता पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर एका अंशाला १११.१९ किलोमीटर पडतात, आणि ११२.७ × १११.१९ म्हणजे १२,५३१ किलोमीटर. त्याच ११२.७ ला ६० ने गुणले तर ६,७६२ सागरी मैल थेट मिळतात, कारण एक कला म्हणजे एक सागरी मैल.

पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे: विषुववृत्तावरचा परीघ ४०,०७५ किलोमीटर, तर ध्रुवांवरून मोजलेला ४०,००८. त्यामुळे या सूत्राच्या उत्तरात थोडी चूक राहते, पण ती अर्ध्या टक्क्याच्या आतली असते. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जाते म्हणून त्याचे वर्तुळ मोठे होत असेल, अशी शंका कुणी काढली तर तीही योग्य आहे. पण त्याने सगळ्या प्रवासात मिळून वीस-बावीस किलोमीटरच वाढतात.

हात बसावा म्हणून मुंबई-लंडन करून पाहावे. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. कोन ६४.८६ अंशांच्या आसपास आणि अंतर सुमारे ७,२१० किलोमीटर यायला हवे. ते आले तर जगातली कोणतीही जोडी काढता येईल. ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी संगणकावर गूगलच्या नकाशात पहिल्या विमानतळावर माउसचे उजवे बटण दाबून ‘अंतर मोजा’ हा पर्याय घ्यावा आणि दुसऱ्या विमानतळावर टिचकी मारावी. उमटणारी रेषा वाकडी दिसेल, आणि ती वाकडी दिसते म्हणूनच बरोबर आहे.

विमान प्रत्यक्षात किती अंतर कापते

१२,५३० हा पृथ्वीने ठरवलेला किमान आकडा. विमान त्याहून नेहमी जास्तच उडते, आणि त्याची कारणे आकाशात कमी, जमिनीवरच्या हद्दींत जास्त असतात. वर दोऱ्याने दाखवलेला मार्ग पुन्हा आठवावा: पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. फेब्रुवारी २०१९ ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. रशियाने २०२२ पासून अनेक पाश्चात्त्य देशांच्या कंपन्यांना आपल्या हद्दीतून उडू दिलेले नाही. तेव्हा एकाच दोन शहरांमध्ये उडणाऱ्या दोन कंपन्यांची विमाने वेगवेगळ्या वाटांनी जातात, ती कंपनी कोणत्या देशाची आहे यावरून. २०२५ मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी मध्येच उतरावे लागले. मुंबईला याची झळ तुलनेने कमी बसते, कारण तिच्यासमोर समुद्र मोकळा आहे.

वळशाने किती अंतर वाढते हे काढण्यासाठी वेगळे सूत्र लागत नाही. मार्गात एक मधला बिंदू घ्यावा आणि दोन तुकड्यांची बेरीज करावी. इस्तंबूलच्या बाजूने गेले तर ४,८३५ अधिक ८,०२७ मिळून सुमारे १२,८६० किलोमीटर होतात. लंडनवरून गेले तर ७,२१० अधिक ५,५४० म्हणजे १२,७५०. दुबईवरून गेले तर १,९३० अधिक ११,००० म्हणजे १२,९३०. हे तिन्ही आकडे किमान अंतरापेक्षा फार तर ४०० किलोमीटरने, म्हणजे तीन-साडेतीन टक्क्यांनी जास्त आहेत. नकाशावर दुबई, इस्तंबूल आणि लंडन एकमेकांपासून केवढे दूर दिसतात. न्यूयॉर्कला जाणाऱ्यासाठी मात्र ती तिन्ही जवळजवळ वाटेवरच आहेत. मधल्या थांब्याची विमाने फार लांबून फिरवून नेतात, ही तक्रार म्हणूनच पश्चिमेकडच्या थांब्यांच्या बाबतीत खरी नाही. पूर्वेकडे वळले की चित्र पालटते: सिंगापूरवरून हेच अंतर १९,००० किलोमीटरच्या पुढे जाते.

नियोजनासाठी मी किमान अंतरात तीन-चार टक्के मिळवतो. मुंबई-न्यूयॉर्कसाठी ते १३,००० किलोमीटर होतात.

अंतरावरून वेळ

लांब पल्ल्याची मोठी विमाने ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ ते ०.८५ पटीने उडतात. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशांपर्यंत थंड असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, तेव्हा विमानाचा हवेतला वेग ताशी ८९० किलोमीटरच्या आसपास येतो. ‘हवेतला’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. नदीत होडी जशी पाण्याच्या हिशेबाने चालते तसे विमान हवेच्या हिशेबाने उडते, आणि हवा स्वतःच वाहत असते.

समशीतोष्ण पट्ट्यात नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो आणि त्यांच्या गाभ्यात वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले आणि त्याचा जमिनीवरून मोजलेला वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला. तरीही त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण एवढा वेग विमानाचा नव्हे, विमान आणि वारा या दोघांचा मिळून होता. मार्ग आखणारे हा वारा टाळतात किंवा पाठीवर घेतात, म्हणून संपूर्ण प्रवासाची सरासरी काढली तर वाऱ्याचा परिणाम ताशी ४०-५० किलोमीटरच उरतो.

आता हिशेब करावा. पश्चिमेकडे जाताना ८९२ मधून ४५ वजा केले तर ८४७. १३,००० ला त्याने भागले तर १५ तास २० मिनिटे. येताना ८९२ अधिक ४५ म्हणजे ९३७. भागाकार १३ तास ५० मिनिटे. दोन्हींत ४० मिनिटे मिळवावीत, कारण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीपर्यंत विमान रांगेने सरकत जाते, आणि कंपनी सांगते तो वेळ दार बंद करून निघाल्यापासून दुसऱ्या दारी लागेपर्यंतचा असतो. अशा रीतीने जाताना १६ तास आणि येताना साडेचौदा तास होतात. वेळापत्रकातल्या थेट विमानांचा वेळ याच्याच आसपास असतो; अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाला तर त्यामागे ऋतू, त्या काळातला वळसा किंवा कंपनीने राखून ठेवलेली जादा मिनिटे असतात.

घाईत असताना याहून सोपा नियम वापरावा: किलोमीटरला ८५० ने भागावे आणि अर्धा तास मिळवावा, प्रवास लांबचा आणि पश्चिमेकडचा असेल तर वर आणखी पाऊण तास. मुंबई-लंडनला याने नऊ तास आणि पाऊण तास मिळून पावणेदहा येतात, ते बरोबर आहे. मुंबई-नागपूरच्या ६८० किलोमीटरना ७८ मिनिटे येतात. वेळापत्रकात दीड तासाच्या आसपास असतात. जवळच्या प्रवासात उडण्यापेक्षा सरकण्या-थांबण्यातच वेळ जातो, त्यामुळे तिथे हा नियम थोडा कमी भरतो.

वारा अंतरावर मात करतो, असेही होते. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को हे विमान आधी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने ते पॅसिफिकवरून नेले, तेव्हा अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर झाले आणि प्रवासाचा वेळ जवळपास दोन तासांनी कमी झाला, कारण आता वारा पाठीवर होता. अंतराचा आकडा पाहून वेळेबद्दल भाकीत करणाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

तिकिटावरच्या वेळा कशा वाचाव्यात

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणची स्थानिक असते, आणि गोंधळ टाळण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे: दोन्ही वेळा भारतीय प्रमाणवेळेत आणाव्यात, मग वजाबाकी करावी. न्यूयॉर्क उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा तास. हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच असते, त्यामुळे तो सहज विसरला जातो आणि दिवाळीच्या सुमारास अमेरिकेतल्या मुलांना केलेला फोन एक तास चुकतो.

समजा, १२ जुलैला मुंबईहून रात्री १.३० वाजता निघून न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी ८ वाजता पोहोचायचे आहे. न्यूयॉर्कच्या ८ मध्ये साडेनऊ तास मिळवले की भारतातले संध्याकाळचे ५.३० होतात. दीडपासून साडेपाचपर्यंत सोळा तास. परतीच्या वेळी न्यूयॉर्कहून सकाळी ११ वाजता निघून मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता पोहोचायचे असेल तर घड्याळ चोवीस तास दाखवते. पण न्यूयॉर्कचे ११ म्हणजे भारतातले रात्रीचे ८.३०, आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या अकरापर्यंत साडेचौदा तास. पोहोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरांत ‘+१’ छापलेले असते त्याचा अर्थ दुसरा दिवस. ते न दिसल्याने विमानतळावर घ्यायला येणारा माणूस चोवीस तास आधी येऊन उभा राहतो.

याहून महागात पडणारी चूक निघण्याच्या तारखेची. आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि बोलण्यातही रात्रीचा दीड आदल्या दिवसाच्याच रात्रीत मोडतो. तिकिटाचा दिवस मात्र मध्यरात्री बदलतो. १२ तारखेच्या रात्री दीडचे विमान म्हणजे ११ तारखेला जेवून घराबाहेर पडायचे. आमच्या परिचयातले एक गृहस्थ १२ तारखेच्या रात्री सहकुटुंब, सहा बॅगांसह विमानतळावर पोहोचले तेव्हा त्यांचे विमान न्यूयॉर्कला उतरूनही काही तास झाले होते. अशा तिकिटाच्या छापील प्रतीवर मी निघण्याची वेळ खोडून तिच्या जागी ‘११ तारखेला रात्री साडेदहाला विमानतळावर’ असे हाताने लिहितो.

दारापासून दारापर्यंत

विमानाचे सोळा तास म्हणजे प्रवासाचे सोळा तास नव्हेत. पुण्याहून एडिसनला जायचे धरले तर मुंबई विमानतळापर्यंत रस्त्याचे चार तास, विमानतळावर तीन, उड्डाण सोळा, पलीकडे पारपत्र-तपासणी आणि सामानाला दीड, पुढे गाडीने एक, मिळून साडेपंचवीस. कोल्हापूर किंवा सांगलीहून निघणाऱ्याने रस्त्याचे तास दुप्पट धरावेत आणि पावसाळ्यात घाटासाठी आणखी थोडे राखून ठेवावेत. सामान देण्याच्या (चेक-इनच्या) खिडक्या विमान सुटण्याच्या तासभर किंवा त्याहूनही आधी बंद होतात, तेव्हा राखीव वेळ ठेवायचा तो विमान सुटण्याच्या नव्हे, खिडकी बंद होण्याच्या वेळेपासून मागे मोजून.

थेट विमान आणि मधल्या थांब्याचे विमान यांची तुलनाही आता करता येते. दुबईमार्गे पहिला टप्पा सुमारे तीन तासांचा, दुसरा सुमारे चौदा तासांचा, म्हणजे हवेतला वेळ थेट विमानापेक्षा एखादा तासच जास्त. खरा फरक थांब्याच्या तासांनी पडतो. तीन तासांचा थांबा असेल तर एकूण वीस, नऊ तासांचा असेल तर सव्वीस. पाहणाऱ्याने म्हणून दोन तिकिटांच्या किमतींतला फरक थांब्याच्या जादा तासांनी भागून पाहावा आणि एका तासाची बसल्या जागी कमाई किती होते ते ठरवावे. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना सलग सोळा तास बसणे जड जाते की अनोळखी विमानतळावर एका फलाटावरून दुसऱ्या फलाटापर्यंत चालणे जड जाते, हे मात्र भागाकाराने निघत नाही. ते त्यांनाच विचारावे, आणि दुसरे उत्तर आले तर तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवावी.

थांबा निवडलाच तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. दोन वेगळी तिकिटे स्वस्त पडतात, पण पहिले विमान उशिरा आले तर दुसऱ्या कंपनीवर आपल्याला पुढच्या विमानात बसवण्याचे कोणतेही बंधन नसते आणि सामानही मध्ये स्वतः उतरवून पुन्हा चढवावे लागते. दोन विमानांमध्ये किमान दोन तास हवेत. पहिले विमान मुंबईहून जून ते सप्टेंबर या महिन्यांत सुटत असेल तर मी तीन धरतो.